खाली, पेन्सिलीनं

टोकावडे
९ नोव्हेंबर २०२३

नवसू,

मोठ्या बहिणीनं आशीर्वाद द्यायचा असतो म्हणून देते. मनातून येतो असं समजू नको. तुझ्याशी तोंडानं बोलणार नाय ही शपथ मी आईच्या पिंडापुढं घेतली आन दोन वर्षं पाळली. लिवणार नाय असं बोलले नव्हते. फोन म्हंजे बोलणंच, तवा माझ्या पोरानं, आदेशनं, लावून दिला तरी मी कानाला धरणार नाय.

लिवायचं कारण, तुझी बायको सरळगावच्या बाजारात भेटली. अंजूचं तोंड बगवत नव्हतं. बोलली, तुझी साखर लय वाढली, पायाला जखम झाली ती भरंना, डॉक्टरनं इन्सुलिनची सुई सांगितली, आन तू त्याला हात जोडून उठून आलास. वा रे वा! आईच्या टायमाला तर तूच डॉक्टर झाला होतास. गुळाचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तुझ्या करगोट्याला. म्हातारी बोटभर गुळासाठी रडत गेली. दहाव्याला कावळा शिवंना, सगळी भावकी नदीवर उन्हात ताटकळली, आन मी पिंडावर गुळाचा खडा ठेवला तशी त्यानं झडप घातली. मी चारचौघात बोलले, ‘बग, आईला तरसवून मारलीस.’ बोलले ते बोलले. मागं घेत नाय.

पण आईला लावलास तो कायदा सोताला का लावत नायस? का तुझी जीभ तेवढी राजाची?

भात कापून झालंय, झोडणी बाकी हाय. आदेश एकटा पुरा पडत नाय.

सकुबाई

(खाली, पेन्सिलीनं)
जखम भरली का? खरं लिव.

*

तानसा
२० नोव्हेंबर २०२३

सकुबाय,

पत्र पोचलं. वाचून पोट भरलं, जेवायची गरज राहिली नाय.

तुझी सवय काय गेली नाय. वर शाईत शिव्या आन खाली पेन्सिलीत ‘जखम भरली का’. आपला बा शाईनं मामाला पत्र लिवायचा, नुसता हुकूम आन तक्रार, आन आई मागल्या दारी तुला बसवून तळाला पेन्सिलीनं तिची येक वळ लिवायला लावायची. बा ती वळ कवा वाचायचा नाय, बायकांचं काय म्हणून सोडून द्यायचा. आन मामा आधी तीच वाचायचा. तूबी तेच चालवलंयस. चालव. पण जरा दाबून लिवत जा, फिकं येतं.

आता सुईचं. तू भावकीसमोर बोललीस तवा मी काय बोललो नाय. आईची साखर पाचशेला गेली होती, तिचं बोट काळं पडलं होतं, तवा तू टोकावड्याला होतीस. मी कुलूप लावलं, मी रात रात तिच्या शिव्या खाल्ल्या. आन कावळ्यानं एका खड्यात मला खुनी ठरवला. त्या दिवशी मी किल्ली नदीत टाकली. आता माझ्या घरात कशालाच कुलूप नाय. मला पायजे ते मी खातो. सुई मी घेणार नाय. आपल्या महादूनं घेतली आन सहा महिन्यांत डोळे गेले त्याचे. मला शहापूर ते तानसा जीप चालवायची हाय, डोळे घालवून काय करू?

डोळे माझे ठणठणीत हायत. जीपमधून माहुलीच्या डोंगराचे सुळके दिसतात, नवरा, नवरी, सगळी वरात.

नवसू

(खाली, पेन्सिलीनं)
भरली. भाऊबीजेला पाट मांडला होता. तू नाय आलीस.

*

मुंबई
१४ जानेवारी २०२४

आते,

पाया पडते. तुझ्याकडे रेंज नाही, आणि असली तरी तू फोनवर नुसतं ‘हां हां’ करतेस, म्हणून लिहिते.

बाबा फक्त तुझं ऐकतात. ऐकतात म्हणजे चिडतात, पण चिडून का होईना विचार करतात. आईचं नि माझं तर कानावरच घेत नाहीत. तू त्यांना सुई घ्यायला सांग. आणि त्याआधी डोळे तपासायला शहापूरला ने.

मी काय काम करते ते घरात कुणालाच नीट माहीत नाही. सगळे म्हणतात, हर्षाली मुंबईत उंदीर पाळते. खरंच पाळते. त्यातल्या काहींना मधुमेह झालेला असतो आणि मी त्यांच्या डोळ्यांचे पडदे तपासते. तुला साध्या भाषेत सांगते.

आपण जेवलो की अंगात इन्सुलिन सुटतं. तो एक निरोप असतो. पेशीच्या दारात निरोप घेणारा बसलेला असतो, तो आतल्याला सांगतो, आतला त्याच्या आतल्याला. हातापायाच्या मांसाला हा निरोप जेवणाच्या वेळी जोरात येतो, साखर आत घे म्हणून, आणि पोट रिकामं झालं की बारीक होतो. डोळ्याच्या पडद्याचं तसं नाही. तिथे निरोप बारीकच असतो, पण कायम चालू. जेवा नाहीतर उपास धरा. आणि तिथे तो साखरेसाठी नसतोच मुळी. पडद्यातल्या पेशींना तो सारखा सांगत असतो, जगा, जगा.

मधुमेहात हा निरोप मंद होतो. दारातला निरोप घेणाराच पेंगायला लागतो. मग पेशी एकेक करून मरतात, मुकाट्याने. डॉक्टरांनी काढलेल्या डोळ्याच्या फोटोत रक्ताचे ठिपके दिसायच्या आधीच हे सुरू झालेलं असतं. आणि माणूस म्हणत असतो, माझे डोळे ठणठणीत आहेत.

आम्ही उंदराभोवती काळ्या-पांढऱ्या रेघा फिरवतो. रेघ दिसली की त्याची मान तिच्यामागे फिरते. मग रेघा फिक्या फिक्या करत जातो. मधुमेह झालेल्या उंदराला काळी रेघ चांगली दिसते, पण फिकी झाली की त्याची मान थांबते. धडधाकट उंदीर अजून फिरवत असतो.

ज्यांना वेळेत इन्सुलिन देतो त्यांचा निरोप चालू राहतो. उशीर केला तर मेलेली पेशी काही उठत नाही. माणसाचं सगळं उंदरासारखंच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही, अजून तेवढं कुणालाच माहीत नाही. पण ते बाबांवर बघायची माझी तयारी नाही.

आणि महादूकाकाचं म्हणशील, तर त्यांचे डोळे सुईने गेले नाहीत. सुई घेईपर्यंत जायचे ते गेलेच होते.

तुझी,
हर्षाली

*

टोकावडे
२ फेब्रुवारी २०२४

हर्षाली,

तुझं पत्र आदेशनं वाचून दाखवलं, मंग मी माझं माझं वाचलं. अक्षर चांगलं हाय. बाकी काय बोलू?

उंदराभोवती रेघा फिरवतेस. फिकी झाली का त्याची मान थांबते, ते बरोबर तुला कळतं. वा गो बाय! आन बापाची मान कवा थांबली, ते कोण बगणार? उंदरांचे डोळे बगतेस, बापाचे नाय बगितलेस. शनवारी येतेस, रयवारी जातेस, पिशवीतून बिनसाखरेची बिस्किटं आणतेस, झालं?

राग येईल तुला. येऊ दे. या घराण्यात राग आल्याबिगर कोण हलत नाय.

मला एक सांग, निरोप घेणाराच पेंगलाय तर नुसते निरोप धाडून काय उपेग? मी तुझ्या बापाला दोन वर्षं निरोपच धाडते. पण तू बोलतेस वेळेत धाडलं तर चालू राहतो, तर धाडते. त्याच्या नशिबानं मी अजून हाय.

शिमग्याच्या आधी शहापूरला डोळ्यांची फुकट तपासणी हाय, आदेशनं फलक बगितला. बगते काय करायचं ते. तुझ्या आईला काय सांगू नको, तिच्या तोंडात तीळ भिजत नाय.

तुझी आते

*

टोकावडे
४ मार्च २०२४

नवसू,

तुझ्या पोरीनं पत्र पाठवलं, उंदरांचं पुराण. त्यातलं मला कळलं ते येवढंच का तुझ्या डोळ्याला निरोप पोचत नाय. मी बोलले, त्यात नवीन काय? त्याच्या डोक्यालाबी पोचत नाय.

सुई घे. तुझ्यासाठी नको घेऊ, अंजूसाठी घे. उद्या तुझा हात धरून तिला परसाकडं न्यायला लागलं तुला, तवा मोठेपणा कुठं राहील? जीपमधून सुळके दिसतात म्हणं. सुळके काय, ते तुला डोळे मिटूनबी दिसतील, जन्म गेला त्यांच्या पायाशी.

आईच्या गुळाचं मी बोलले ते बोलले, पुन्यांदा सांगते, मागं घेत नाय. पण त्याचा सूड तू सोताच्या अंगावर उगवशील येवढा खुळा असशील असं नव्हतं वाटलं.

सकुबाई

(खाली, पेन्सिलीनं)
शिमग्याच्या आधीच्या सोमवारी मी शहापूरच्या स्टँडवर येते. दुपारच्या गाडीनं. डोळ्याच्या तपासणीला दोघं जाऊ. मी तिथं तुझ्याशी बोलंन. तोंडानं. शपथ मोडते. आईला काय वाटायचं ते वाटू दे, ती असती तर तीच बोलली असती. तुझी जीप तिथंच लागते, तुला वाकडं पडायचं नाय. लिवून कळव. नाय कळवलंस तरी मी येते. एकदा तोंडानं बोलू.

*

तानसा
१० मार्च २०२४

सकुबाय,

शाईतलं वाचलं. सगळं वाचलं, उजेडात बसून वाचलं.

खाली काय नाय.

बरं केलंस. इतकी वर्षं ते एकच राहिलं होतं, तेबी तू बंद केलंस. म्हंजे तुझ्याकडनं आई आता पुरी मेली. माझी काय हरकत नाय. तू घालणार नसशील तर मी तरी कशाला घालू? यापुढं माझ्याबी पत्रात खाली काय नसंल.

सुई घेणार नाय. पुन्यांदा विचारू नको. मोहाची फुलं गळायला लागली, इकडची पोरं पहाटेपासून रानात असतात, फुलं बाजारात न्यायला जीपला गर्दी हाय. मला टाइम नाय.

नवसू

*

टोकावडे
२० मार्च २०२४

नवसू,

‘खाली काय नाय’ वाचलं तवाच थांबायला पायजे होतं. मी खुळी. बोलले, भाऊ हाय, तोंडानं नाय म्हणतो, पायानं येईल. मी येवढं काळीज काढून लिवलं आन तू ‘काय नाय’ म्हणून टाकलंस, तरी मी आले.

मुरबाडला गाडी बदलली, शहापूरच्या स्टँडवर दुपारपासून ताटकळले. तपासणीवाले आवरून गेले. सांजेला तू आलास. ‘तानसा, तानसा’ करत माझ्या पुढून गेलास. माझ्या तोंडाकडं बगितलंस, नवसू. सरळ बगितलंस. तुझ्यामाझ्यात एका माणसाचं अंतर नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, बोलणारच होते. आन तू दगडाकडं बगावं तसं बगून फुडं गेलास, आन कोण त्या परक्या बाईला ‘या मावशी, बसा’ बोललास.

मावशीला जागा हाय जीपमंदी. बहिणीला नजर नाय.

शेवटची गाडी गेली होती. एका दूधवाल्याच्या टेम्पोत बसून मुरबाडला आले. आदेशला खोटं सांगितलं का तू भेटलास आन चा पाजलास.

आता कायच उरलं नाय. नको घेऊ सुई. खा गूळ. फोड डबे. तुझे डोळे जाऊ देत, असंही त्यांना काय दिसायचं हाय!

सकुबाई

*

तानसा
२ एप्रिल २०२४

सकुबाय,

बगितलं होतं तुला. बाकावर बसली होतीस, हिरवं लुगडं नेसून. बगितलं आन मुद्दाम नाय बोललो.

तुला वाटायचं ते वाटू दे.

नवसू

*

मुंबई
१७ ऑगस्ट २०२४

आते,

एप्रिलपासून मी तुला तीन पत्रं पाठवली, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. निदान हे तरी वाच. आदेशदादाला सांगितलंय की फाडायचं नाही.

मागच्या महिन्यात बाबांनी संध्याकाळच्या वेळी जीप ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर घातली. गाडीत कुणी नव्हतं, त्यांना थोडं खरचटलं. म्हणाले, कठडा दिसलाच नाही. सिमेंटचा कठडा, सिमेंटचाच रस्ता, वर सांजेचा उजेड. मग चार दिवसांनी डाव्या डोळ्यात काळं जाळं उतरलं. पडद्यावर वेड्यावाकड्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, त्यातली एक फुटली. उजव्यातही तेच चाललंय. लेसर चालू आहे, डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, आता पोटात इन्सुलिनचीही मुकाट घेतात. डॉक्टर म्हणाले, उजव्यात सावल्या राहतील. ‘उशीर केलात’ असं म्हणाले नाहीत, पण माझ्याकडे पाहिलं.

हे सांगायला मी लिहीत नाहीये. दुसरंच सांगायचंय.

गेल्या रविवारी बाबांनी मला जीपमधून तुझं मार्चचं पत्र आणायला लावलं. काचेच्या वरच्या झडपेमागे खोचून ठेवलं होतं. घडीवर घडी पडून मऊ झालंय. म्हणाले, ‘खाली काय लिवलंय ते वाच.’

मला लख्ख दिसलं, आते. नेहमीची फिकी पेन्सिल, पण लख्ख. मी वाचलं. स्टँड, सोमवार, शपथ मोडते, एकदा तोंडानं बोलू. सगळं.

त्यांना ती ओळ दिसलीच नव्हती. कागदाचा तळ त्यांना कोरा दिसला. तू ती ओळ बंद केलीस असं वाटून ते आठवडाभर धड जेवले नव्हते म्हणे, आईने आत्ता सांगितलं. स्टँडवरही तू त्यांना दिसली नाहीस. तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा त्यांना कळलं की खाली काहीतरी होतं. मग ते पत्र उन्हात धरलं, कंदिलासमोर धरलं, तिरकं केलं. नाही दिसलं. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज, कारण आजीची ओळ परक्याने वाचायची नसते.

मी विचारलं, मग ‘बगितलं होतं’ असं खोटं का लिहिलंत? तर म्हणाले, ‘आंधळ्यापेक्षा दगड बरा. आंधळ्याच्या जीपमंदी कोण बसंल?’

काळी शाई दिसते, फिकी पेन्सिल दिसत नाही. मी रोज उंदरांना हेच विचारते. आणि नोव्हेंबरातच बाबांनी तुला लिहिलं होतं म्हणे, ‘दाबून लिवत जा, फिकं येतं.’ तेव्हा डोळ्यात रक्ताचा एक ठिपकाही नसेल. तेव्हा सुई घेतली असती तर काय वाचलं असतं, हे मी तुला सांगू शकते, आकड्यात सांगू शकते, पण नको.

तू मला म्हणाली होतीस, बापाचे नाय बगितलेस. ते मी विसरलेले नाही. पण ‘फिकं येतं’ हे तुला लिहिलं होतं, मला नाही.

हर्षाली

*

टोकावडे
२५ ऑगस्ट २०२४

नवसू,

आदेशकडनं जाडा मार्कर आणलाय, पोरं फलक रंगवतात तो. एका पानावर चारच वळी मावतात, म्हणून येवढी पानं. दिसतं का? दिसत नसंल तर हर्षालीकडनं वाचून घे, आता लपवायचं काय उरलंय?

बाकावर बसली होतीस म्हणालास. हिरवं लुगडं म्हणालास. अरे मेल्या, तुझा भावजी गेल्यापासून मी हिरवं नेसते का? करडं लुगडं होतं, आन मी भिंतीला टेकून उभी होते. तुझं ते पत्र वाचलं तवाच मला कळायला पायजे होतं का यानं बगितलं नाय. कागद माझ्या हातात, डोळे माझे धड, तरी मला नाय दिसलं. तुझे साखरेनं गेले, माझे रागानं.

‘फिकं येतं’ लिवलंस, मला वाटलं म्हातारी झाले म्हणून टोचतोस. मी मुद्दाम आणखी हलक्या हातानं लिवायला लागले. घे! असली मी.

तुझी पोर बोलते ते बरोबर हाय, तिला सांग. आन तिला सांग का खरं बोलताना येवढं थंड बोलू नये, काळजाला लागतं.

आता लिवून काय उपेग नाय. तू वाचणार नाय, दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार. मंग माझ्याच तोंडून का नको? भाऊबीजेला येते आन बोलते. शपथ गेली चुलीत.

सकुबाई

*

तानसा
२० ऑक्टोबर २०२४

सकुबाय,

हे हर्षाली लिवते, बोलतो मी. तुझा मार्कर मला काळ्या ढगासारखा दिसला. अक्षर नाय लागलं.

येऊ नको.

तीन वर्षं तू बोलली नायस. आता मी आंधळा झालो म्हणून बोलशील. म्हंजे तुला कीव आली. चारचौघात मला खुनी बोललीस ते मी पचवलं, कीव पचायची नाय. तू डोळं पुसत दारात उभी राहशील आन मला तेबी दिसणार नाय, नुसतं नाक वढल्याचं ऐकू येईल. नको. तू आपली लिवत जा. शिव्या घाल. हर्षाली शनवारी येते तवा वाचंल. तिच्या तोंडी तुझ्या शिव्या गोड लागतात, पोरगी लाजते.

आन तळाला आईची वळ घालायची तर घाल, नको तर नको. दाबून लिवायची गरज नाय आता. शाई काय नि पेन्सिल काय, मला सारखीच.

जीप इकली. माहुलीकडं तोंड करून ओटीवर बसतो. लोकांना वाटतं बगतो.

नवसू

(आते, शाईचं सगळं मी लिहिलं, बाबांनी सांगितलं तसं, एक शब्द बदलला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि म्हणाले, तू आत जा. खालची ओळ त्यांनी स्वतः लिहिली. मी बाहेर आले तेव्हा बघितलं, पेन्सिलीचं टोक मोडलेलं होतं. कागदावर नुसते ओरखडे उठलेत. मी त्यांना सांगितलं नाही. काय लिहिलं ते त्यांनीही सांगितलं नाही. पाकीट तसंच बंद करते आहे. ह.)

*

टोकावडे
२९ ऑक्टोबर २०२४

हर्षाली,

हे बापाला वाचून दाखव. जसंच्या तसं. नाक वढू नको.

नवसू, तुझं पत्र आलं. शाईतलं वाचलं, सगळं वाचलं. येऊ नको, बोलू नको, कीव नको. आपल्या बासारखाच हुकूम करतोस.

मंग खालचं बगितलं. उन्हात धरलं. तिरकं धरलं. चुलीच्या जाळापुढं धरलं. आदेशला दाखवलं, तो बोलला, आई, हितं काय नाय. त्याच्या पाठीत धपाटा घातला. बोटं फिरवून बगितली. खरखर लागते. एक वळ हाय, वाकडी, तुझ्या शाईच्या वर चढलीय. अक्षर लागत नाय. ‘ये’ लिवलंस का ‘मर’ लिवलंस, देवाला ठाऊक.

मला दिसत नाय म्हणून ‘खाली काय नाय’ असं मी म्हणणार नाय. मी तुझ्यासारखी नाय.

बा ती वळ कवा वाचायचा नाय आन मामा आधी तीच वाचायचा. मी मामावर गेलेय. रयवारी भाऊबीज हाय. सकाळच्या गाडीनं निघते. पाट मांडून ठेव. ‘मर’ लिवलं असशील तर माझ्या तोंडावर सांग, मी तुझ्या तोंडावर उत्तर देईन. कीव आणत नाय, गूळबी आणत नाय.

दारात आले का हाक मारीन. गप उभी राहिले तर तुला कळायचं नाय.

सकुबाई